आतोबांचा तिसरा मुकाबला

जगात दुसऱ्यांदा घडलेली प्रत्येक गोष्ट पहिल्यापेक्षा वाईटच असते, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे आतोबा, म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. दुसऱ्यांदा उकळलेला चहा, पुस्तकाची दुसरी आवृत्ती, नातवाला दिलेलं आजोबांचं नाव, या सगळ्यांकडे ते सारख्याच नजरेनं बघत. आधी कीव, मग तुच्छता. हैदराबादच्या जामबागेतल्या त्यांच्या घरी कोणी नवा फोटो दाखवायला नेला, तर ते फोटो आणि चेहरा शेजारी शेजारी धरायला लावत आणि फोटोचे दोष सांगत. चेहऱ्याचे दोष त्यांनी कधी काढले नाहीत, कारण तो मूळ होता. स्वतःच्या लग्नात त्यांनी मंगलाष्टकं थांबवून भटजींना पोथी उघडायला लावली होती. भटजींनी एक ओळ गाळली होती म्हणे. ‘ओळ सापडेपर्यंत मी हार हातात धरून उभी,’ आत्या सांगायची, ‘तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.’

यात त्यांच्या नोकरीचा हात मोठा होता. निजामी राजवटीतल्या एका दफ्तरात ते मुकाबल्याचे कारकून होते. जुन्या कागदाची नक्कल कोणी मागितली की ती उतरवून झाल्यावर दोन कारकून समोरासमोर बसून मुळाशी ताडून पाहत, त्याला मुकाबला म्हणत. एकाच्या हातात अस्सल, दुसऱ्याच्या हातात नक्कल. अस्सल धरणाऱ्यानं नकलेकडे बघायचं नाही आणि नक्कल धरणाऱ्यानं अस्सलाकडे, हा तिथला कडक नियम. दोन्हीकडे बघणाऱ्याचा डोळा लबाडी करतो, जे असायला हवं तेच त्याला दिसायला लागतं, असं आतोबा म्हणत. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ‘है’ म्हणायचं किंवा ‘नई’. सगळं जुळलं की अस्सल धरणारा शेवटी ‘नकल मुताबिक असल’, म्हणजे नक्कल मुळाबरहुकूम आहे, असं लिहून सही करी, आणि त्या सहीवर कज्जे सुटत, जमिनी इकडच्या तिकडे होत. सही आतोबांची असे. त्यांच्यासमोर वीस-बावीस वर्षं नक्कल धरून बसले ते मीरसाहेब, उंच, किडकिडीत, पानानं ओठ रंगलेले आणि आतोबांइतकेच कुजकट.

आता त्या कादंबरीबद्दल. सिकंदराबादच्या छावणीतला कोणी गोरा अधिकारी विलायतेला परत जाताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात आतोबांना एक इंग्रजी कादंबरी मिळाली. एका बंदराच्या गावात एक शास्त्रज्ञ राहतो. तो असं यंत्र बनवतो की ते सगळा आवाज गिळून टाकतं. घंटा, लाटा, माणसं, सगळं मुकं होतं. शेवटी यंत्र त्यालाच आवरत नाही, तो भर बाजारात मदतीसाठी ओरडत मरतो आणि शेजारून जाणाऱ्यांपैकी कोणी वळूनसुद्धा बघत नाही. आतोबांनी हे पुस्तक इतक्या वेळा वाचलं होतं की पानांचे कोपरे गोल झाले होते. आणि या पुस्तकावर लोकांनी सिनेमे काढायला सुरुवात केली, हा आतोबांना स्वतःवर झालेला हल्ला वाटला.

पहिला सिनेमा मूकपट होता. मुक्या गावाच्या गोष्टीचा मूकपट काढणाऱ्याला आतोबा जन्मभर ‘तो महात्मा’ म्हणत. यंत्र सुरू झालं तरी प्रेक्षकांना काहीच कळलं नाही, कारण पडद्यावरची माणसं सुरुवातीपासूनच मुकी होती. थिएटरातल्या पेटीवाल्याला मात्र काहीतरी भयंकर चाललंय एवढं समजलं, आणि त्यानं नेमक्या त्याच जागी पेटी जोरात वाजवली.

दुसरा, इंग्रजी बोलपट, सिकंदराबादला पुन्हा लागला तेव्हा मी कॉलेजात नुकताच गेलो होतो. आतोबा आणि मीरसाहेब या दोघांच्या मागच्या खुर्चीवर बसून मी तो मुकाबला पाहिला. आतोबांच्या मांडीवर पुस्तक, हातात रुमालात गुंडाळलेली बॅटरी, मान खाली. मीरसाहेबांची मान वर.

‘पान बत्तीस. वादळ,’ आतोबा म्हणाले.

‘वादळ नई पंडितजी. नाच है.’

‘कोण नाचतंय?’

‘सब नाचरैं. पाद्रीसाब बी.’

आवाज बंद होण्याचा प्रसंग आला तेव्हा लोकांना वाटलं मशीन बिघडलं. शिट्ट्या झाल्या, मागे कोणी खुर्ची आपटली. मालकानं घाबरून ते रीळ उडवलं आणि पुढचं लावलं, त्यामुळे गाव मुकं न होताच शास्त्रज्ञ मेला. घराच्या फाटकाशी मीरसाहेब एवढंच म्हणाले, की हा माणूस नेमका कशानं मेला ते विचारायला दिग्दर्शकाला पत्र लिहायला हवं.

त्या दिवशी माझ्या लक्षात एक गोष्ट आली आणि मी ती कोणाला बोललो नाही. सिनेमांचा इतका तिरस्कार करणाऱ्या आतोबांनी एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. ते पूर्ण वेळ पुस्तकात बघत. त्यांची सगळी तुच्छता मीरसाहेबांच्या डोळ्यांवर उभी होती.

पुढे देश स्वतंत्र झाला, आमचं संस्थान वर्षभर लटकत राहिलं, मग पोलिस ॲक्शन झाली. दफ्तरातली उर्दू हळूहळू मागे पडू लागली. मीरसाहेबांची मुलगी कराचीला होती, ते तिच्याकडे निघाले. आतोबा त्यांना नामपल्ली स्टेशनवर पोचवून आले, तेव्हा काय बोलणं झालं असं आत्यानं विचारलं. ‘काय बोलणार?’ ते म्हणाले. ‘बावीस वर्षं आम्ही है आणि नई एवढंच बोललोय.’

आणि अशा वेळी तिसरा सिनेमा आला, हिंदी. त्याच कादंबरीवर, आपल्या लोकांनी काढलेला. जामबागेतल्या मराठी ग्रंथालयानं आतोबांना ‘एक कादंबरी आणि तीन चित्रपट’ या विषयावर व्याख्यान द्यायला बोलावलं. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांवर सह्या करणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कोणीतरी स्वतःचं बोलायला सांगत होतं. त्यांनी कोट धुवायला दिला. मला म्हणाले, ‘मीरसाहेब नाहीत. नक्कल तू धर. घाई करायची नाही आणि मनचं काही सांगायचं नाही.’

दुपारच्या खेळाला आम्ही गेलो. दोन रांगा मागे माझ्या कॉलेजची चार पोरं बसली होती. आतोबांनी पहिलं ‘पान तीन’ म्हटलं, तसं मागून चौघांनी एका सुरात ‘पान तीन’ म्हटलं. मग हशा. पान सातला पुन्हा तेच. माझे कान तापले. ‘नाही’ म्हटलं की आतोबा खुलासा विचारत, खुलासा सांगितला की आवाज चढवत, आणि मागची पोरं तो आवाज झेलत. पान अकराला त्यांनी विचारलं, ‘शास्त्रज्ञ एकटाच राहतो. आहे?’ पडद्यावर त्या शास्त्रज्ञाला एक सुंदर मुलगी होती, ती बागेत झोक्यावर बसून गात होती. मी म्हणालो, ‘आहे.’

आतोबा गप्प झाले. मागची पोरंही गप्प झाली. मला ती शांतता इतकी आवडली की मी पुढे सगळ्यालाच ‘आहे’ म्हणत गेलो. गाण्यांची मात्र पंचाईत होती, कारण आतोबांना ऐकू उत्तम येत होतं.

‘हे कोण गातंय?’

‘बंदरावरचे खलाशी,’ मी म्हणालो. पान अठरावर खलाशी गातात, हे मला ठाऊक होतं.

‘बाईचा आवाज आहे.’

‘खलाशांच्या बायका.’

अकरा गाणी होती. चौथ्याला आतोबा पुटपुटले, ‘मोठं बंदर दिसतंय.’ एका विदूषकानं यंत्रात धोतर अडकवून घेतलं, लोक पोट धरून हसले, तेव्हा मी सांगितलं की गावकरी शास्त्रज्ञाची टिंगल करताहेत, पान एकसष्ट. पण यंत्र सुरू झालं तेव्हा त्या दिग्दर्शकाला काय बुद्धी झाली कोण जाणे, त्यानं खरोखरच एक मिनिट पडदा मुका ठेवला. एकही आवाज नाही. आतोबांनी बॅटरी विझवली. ‘आहे?’ त्यांनी विचारलं, आणि मी म्हणालो, ‘आहे.’ पूर्ण सिनेमात तेवढं एकच मी खरं बोललो, आणि त्या एका खऱ्यामुळे त्यांना बाकीचं सगळं पटलं. मिनिटभरानं मुक्या गावात पुन्हा गाणं सुरू झालं, तेव्हा मी शास्त्रज्ञाला स्वप्न पडल्याचं सांगितलं. पुस्तकात स्वप्न होतंच.

बाहेर आल्यावर आतोबा फुटपाथवर उभे राहिले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. ‘साहेब लोकांना दोनदा जमलं नाही,’ ते म्हणाले. ‘आपल्या लोकांना जमलं बघ.’ त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. आठवडाभर वेळ होता माझ्याकडे. रोज त्यांच्या घरी जात होतो, आत्याच्या हातचं खात होतो, आणि ते व्याख्यान लिहून काढताना समोर बसत होतो.

ग्रंथालयाचा हॉल भरला होता. पहिल्या दोन सिनेमांची त्यांनी अशी सालटी काढली की लोक खुर्च्यांवरून घसरत होते. पेटीवाला, नाचणारा पाद्री, सगळं. मग त्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं, की तिसरा सिनेमा आपण ओळीनं ताडून पाहिला असून तो मुळाबरहुकूम आहे. दफ्तरातले तेच तीन उर्दू शब्द त्यांनी उच्चारले आणि सगळ्यांसमोर कागदावर सही केली.

आधी लोकांना वाटलं ही थट्टाच आहे. मग ग्रंथालयाचे चिटणीस, एक वकील, उठले. सगळ्या हैदराबादनं तो सिनेमा पाहिला होता. ‘रावसाहेब,’ ते गोड आवाजात म्हणाले, ‘तो धोतरवाला विदूषक कुठल्या पानावर आहे, तेवढं सांगा. आणि ती झोक्यावरची मुलगी?’

हॉल हसला. चांगला मिनिटभर हसला. वकील लोकांना अशा वेळी खाली बसायचं कळत नाही, ते उभेच राहिले. आतोबांनी हसणाऱ्यांकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या रांगेत होतो आणि खाली बघत होतो. सतरंजीला कडेला निळा पट्टा होता. तो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

‘पाहण्यात चूक झाली,’ आतोबा म्हणाले. ‘चूक माझी.’ त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि उरलेलं व्याख्यान न देता खाली उतरले.

ती गोष्ट दफ्तरापर्यंत गेली. मुकाबल्याची शाखा तशीही बंद व्हायची होती, पण निरोप समारंभात कोणीतरी झोक्याचा विनोद केला, असं मला नंतर कळलं. आतोबा पेन्शनीत निघाले, हिमायतनगरला दोन खोल्यांत राहायला गेले. चहा दुसऱ्यांदा उकळला तरी ते काही बोलत नाहीत, असं आत्या काळजीनं सांगायची. मी नोकरीला लागलो, लग्न केलं, सणावारी त्यांच्याकडे जाऊन वाकून नमस्कार करत राहिलो. संस्थानाचे तीन तुकडे होऊन मराठी मुलूख मुंबई राज्यात गेला. ग्रंथालयाचे निम्मे सभासद औरंगाबादला आणि पुण्याला पांगले, त्यात ते वकीलही गेले. ज्यांच्यासमोर सांगायला हवं होतं, ती माणसंच उरली नाहीत.

मग एके दिवशी भिंतीवर त्याच हिंदी सिनेमाचं पोस्टर पुन्हा दिसलं, जुन्या छापाचं, फिकट. मी कचेरीतून थेट हिमायतनगरला गेलो. आतोबा खिडकीशी बसून तांदूळ निवडत होते.

‘आतोबा, त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. सगळंच खोटं.’

त्यांनी एक खडा बाजूला ठेवला. ‘ती एक मिनिटाची शांतता?’

‘ती खरी होती.’

‘मग सगळंच कसं म्हणतोस? नीट सांगावं.’

मी नीट सांगितलं. पोरं, खलाशी, खलाशांच्या बायका, स्वप्न. ते मधेमधे मान हलवत होते. माझं नाव का घेतलं नाहीत, असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, ‘सही माझी होती. नक्कल धरणाऱ्याचं नाव कागदावर येत नाही.’ मग म्हणाले, ‘पण तुझं ओझं उतरणार असेल तर तू लिही कधीतरी. कुठे कुठे “आहे” म्हणालास ते सगळं लिही. अर्धवट लिहू नकोस.’

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सिनेमाला नेलं. निघताना त्यांनी पुस्तक पिशवीत घातलं, दारापर्यंत आले, आणि परत जाऊन ते फळीवर ठेवून आले. थिएटरात फारशी माणसं नव्हती. फिल्म ओरखड्यांनी भरली होती. आतोबा ताठ बसले आणि मान वर करून बघू लागले, लहान मुलं बघतात तसं, तोंड थोडं उघडं ठेवून. झोक्यावरची मुलगी आली तेव्हा म्हणाले, ‘ही ती बायको का, खलाशाची?’ विदूषकाचं धोतर अडकलं तेव्हा ‘गाढव’ म्हणाले, पण खांदे हलत होते. शेवटी शास्त्रज्ञ बाजारात कोसळला आणि ती मुलगी गर्दीतून धावत आली.

‘पुस्तकात कोणी येत नाही,’ आतोबा म्हणाले.

‘नाही येत,’ मी म्हणालो.

आत्याला आणि त्यांना मूलबाळ नव्हतं, हे मी अजून सांगितलेलं नाही. पडद्यावर मुलीनं बापाचं डोकं मांडीवर घेतलं. मला वाटलं आता ते कुजकट काहीतरी बोलतील, आणि मला ते हवं होतं.

‘येऊ दे,’ ते म्हणाले.

दिग्दर्शकानं तिथंही एक गाणं घातलं होतं, बरंच लांब आणि अगदी सुमार. लोक उठून दाराकडे निघाले होते. ते गाणं संपेपर्यंत आतोबा उठले नाहीत.