बारा गाण्यांत एकच शब्द

माळा आवरताना धुळीने माखलेली एक कॅसेट हाती आली आणि नाशिकरोडची माझी कॉलेजातली भाड्याची खोली आठवली. वडील मनमाडला रेल्वेत पॉइंट्समन होते. सुट्टीच्या दिवशी ते डबा घेऊन यायचे, तेव्हा मी टेपवर इंग्रजी गाणी लावून बसलेला असायचो. एकदा त्यांनी विचारलं, "काय म्हणतोय रे हा?" मी तुटकपणे म्हटलं, "अण्णा, तुम्हाला नाही कळणार." पुढच्या खेपेला त्यांनी डब्याशेजारी ही कॅसेट ठेवली. मनमाडच्या दुकानात भरून घेतली होती. आतल्या कागदावर दुकानदाराने बारा इंग्रजी गाण्यांची नावं लिहिलेली, आणि प्रत्येक नावात 'ट्रेन'. मी हसतच सुटलो. "अहो, अशी गाणी निवडतात का?" "म्हटलं, एक तरी शब्द मला कळेल," ते म्हणाले आणि कॉटवर टेकून, डोळे मिटून ऐकू लागले. एका गाण्यात लांब शिटी वाजली, तशी म्हणाले, "ही थांबायची नाही, थ्रू जाणार." कॅसेट लावायला आता घरात काही नाही, म्हणून नुसता कागद उलगडला. बाराही नावांत त्या एका शब्दाखाली वडिलांनी जपून ओढलेली पेन्सिलीची फिकट रेघ आहे. तेव्हा हसण्याच्या नादात ती मला दिसलीच नव्हती.