पितरांचा गोड चहा

जावा बेटावरच्या बान्यूमासकडच्या त्या वाडीत रुस्मिनी सकाळी माडाचा रस कढवून गूळ पाडायची आणि महिन्यातून एकदा म्हाताऱ्याकोताऱ्यांची साखर तपासायची. आरोग्य केंद्रानं त्यासाठी तिला छोटं यंत्र दिलं होतं. यंत्रातल्या पट्टीला रक्ताचा थेंब टेकवला की तिच्यावर लावलेलं विकर साखर हुडकून काढी, त्यातून विजेची बारीकशी धार सुटे आणि यंत्र आकडा दाखवी. रुस्मिनीचा हात हलका. गुळाचे हात लुंगीला पुसून ती आधी समोरच्याचं बोट मायेनं चोळी, मगच टोची.

आकडे मात्र झाडून सगळ्यांचे चढे. वाडीनं चहातली साखर सोडली. गुळावर जगणारी वाडी, आणि तोंडं सगळ्यांची कडू! रुस्मिनीला त्याचाही अभिमान. "मी तपासते म्हणून कळतंय तरी," ती म्हणे.

सगळ्यात जास्त हाल तिच्या नवऱ्याचे. कार्सोनो सकाळ-संध्याकाळ माडावर चढून रस उतरवी, आणि खाली आला की पुढ्यात फिका चहा.

"अगं, एक खडा टाक. चिमणी टिपेल एवढा."

"यंत्र काय खोटं बोलतंय?"

"मग त्या यंत्राशीच लग्न करायचं होतंस!"

गुरुवारी तिन्हीसांजेला मात्र ती देवाघरी गेलेल्या सासऱ्यांसाठी चहाचा पेला ठेवी. त्यात गुळाचे दोन खडे, नीट ढवळून. कार्सोनो टक लावून बघे. "या घरात गोड प्यायला मरावं लागतं," म्हणे. सकाळी पेला रिकामा असे. "आमचे मामंजी अजून नेमानं येतात," रुस्मिनी शेजारणींना ऐकवी. त्यांचे पितर इतके वक्तशीर नव्हते.

पावसाळ्यात कार्सोनो तापानं गेला. जाण्याआधी त्यानं गोड चहा मागितला होता. तिनं दिला नाही. दुखवट्याच्या गर्दीत त्या गुरुवारी पेला ठेवायचाही राहून गेला.

त्याच आठवड्यात तपासणीला केंद्रातून वेनिंग नावाची नवी नर्स आली. तिनं आधी सगळ्यांना साबणानं हात धुवायला लावले, आणि बोटं स्वतःच टोचली. एकेकाचा आकडा धाडकन उतरला.

"मावशी, तुमच्या हातांना गूळ असतो," वेनिंग म्हणाली. "पट्टी बिचारी दिसली साखर की मोजते. रक्तातली का बोटावरची, ते कुठं विचारते?"

"म्हणजे दोन वर्षं मी हिचा गूळ मोजून घेत होतो?" एक म्हातारा ओरडला. "आणा रे चहा! तीन खडे टाका!"

सगळे हसले. रुस्मिनीही हसली. मग तिला कार्सोनो आठवला आणि तिचं हसू तोंडातच राहिलं.

त्या गुरुवारी तिनं दोन पेले ठेवले. सासऱ्यांच्या पेल्यात नेहमीचे दोन खडे, नवऱ्याच्या पेल्यात चार.

सकाळी दोन्ही पेले काठोकाठ भरलेले होते. वर मुंग्या तरंगत होत्या. नवऱ्याचं तिला कळत होतं, माणूस नवा होता तिकडं. पण मामंजींचा पेला? तो तर आजवर कधी भरलेला राहिला नव्हता.

तिनं नवऱ्याचा पेला जवळ ओढला.

"चोरून प्यायचात होय," ती रडत रडत म्हणाली, "बरं केलंत हो, बरं केलंत."