धर्मकाट्यावरचे शून्य

विसरण्याचे शास्त्र माझ्या धाकट्या साडूंइतके निष्ठेने पाळणारा मनुष्य वर्धा जिल्ह्यात दुसरा नाही. आणि त्यांनी काट्यात लबाडी केली असे आर्वीच्या बाजारात जे सांगितले जाते, ते सपशेल खोटे आहे. मी तिथे उभा होतो. सांगणारे नव्हते.

साडू निवृत्त इंजिनिअर. भरल्या गाड्या तोलणाऱ्या एका धर्मकाट्यासाठी त्यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहिला, आणि तो काटाही तेच सांभाळतात. वेग हवा म्हणून सगळ्या नोंदी संगणकाच्या चालू स्मरणातच ठेवायच्या, आत कायमचे काही साठवायचे नाही. काटा, पडदा, पावती यांपैकी कोणीतरी नोंद धरून असेल तोवर ती जिवंत. शेवटच्याने हात सोडला की पुसली, जागा मोकळी. हे त्यांनी मला अनेकदा समजावले, आणि ते बोलत असेपर्यंत दर वेळी मला समजले. घरातही तोच नियम. जेवताना मी खुर्चीवर ठेवलेला कोट त्यांनी बोहारणीला देऊन टाकला. वर मलाच म्हणाले, "भाऊजी, तुम्ही सोडला, म्हून गेला. मी काय करू?"

त्या दिवशी नाचणगावच्या एका कास्तकाराने कापसाची गाडी काट्यावर घेतली. कापूस भरला साडेबारा क्विंटल, त्याने घरी तोलला होता तेवढाच. संगणकाने शेवटचे शून्य निरर्थक मानून गाळले आणि पडद्यावर १२.५ दाखवले. आपल्याकडे टिंबानंतर किलो वाचतात. कास्तकाराने वाचले, बारा क्विंटल पाच किलो.

"पंचेचाळीस किलो मशीननं खाल्ला काय, बे?" तो गरजला, आणि पावती न घेताच गाडी काढून निघून गेला.

साडू चहा टाकून धावत आले, तोवर नोंद पुसली गेली होती. वजनही गेले, नावही गेले. जमलेल्यांना ते सांगू लागले, "अहो, साडेबाराच हायेत! शून्य लिहा की नका लिहू, एकच."

"एकच हाय, तं लिहाले काय जाते तुमचं?" एकाने विचारले.

साडू पडद्याची काच पुसू लागले. मी मात्र भांडलो. कशाच्या बाजूने, ते मला अजून नीट उमगलेले नाही. अखेर साडूंनी पन्नास किलोचे वजन काट्यावर ठेवले. पडद्यावर ०.५ आले. लोक पांगले. पण ज्याने पाहायला हवे होते, तो केव्हाच निघून गेला होता.

साडूंनी माफी मागितली ही दुसरी अफवा. मागायची कोणाची? नाव कोणाच्याच लक्षात राहिले नव्हते.

आता टिंबानंतर दोन आकडे सक्तीने दिसतात. आणि साडूंनी ती पुसलेली नोंद हाताने पुन्हा भरली आहे: नाव रिकामे, वजन १२.५०. ती कोणीच धरून नाही, म्हणून तेच धरून बसले आहेत. संगणक बंद करू देत नाहीत, नाहीतर तीही पुसली जाईल.

"कापूस त्यानं कवाचा इकला असन," मी म्हणालो.

"असन. पन मले चोर समजून गेला ना, भाऊजी."

त्यांनी पडदा रस्त्याच्या बाजूला वळवून ठेवला आहे. सायंकाळी गडी फाटक लावायला येतो, तेव्हा ते म्हणतात, "थांब गा जरासाक."