नॉर्मनांची मोजदाद आणि सोनापूरचा नळ

शनिवारी दुपारी मुलीने इतिहासाची वही माझ्यापुढे आपटली, तेव्हा मी दुबईतल्या अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीपासून फ्रिजपर्यंत येरझाऱ्या घालत होतो. सोनापूरच्या लेबर कॅम्पचा तपासणी अहवाल सोमवारी द्यायचा होता आणि माझ्याने त्यावर सही होत नव्हती. कंपनीच्या कामगारांच्या खोल्या, संडास, पाणी तपासून फॉर्म भरणं ही माझी नोकरी. एरवी सहीला अर्धं मिनिटही लागत नाही.

तिचा धडा नॉर्मन राजवटीचा. परक्या राजाने इंग्लंड जिंकलं आणि गावोगाव माणसं पाठवून नांगर, डुकरं, गिरण्या, कुळं, सगळ्याची मोजदाद करवून घेतली. त्या नोंदीतला एक उतारा होता, आणि दुसरा, मठातल्या कुणा साधूने लिहिलेलं गाऱ्हाणं. साध्या लोकांचं जगणं समजायला यातलं जास्त उपयोगी काय, एवढाच प्रश्न.

"मोजदाद," मी ठोकून दिलं. "सरकारी कागद आहे, आकडे आहेत. साधू काय, रागाच्या भरात काहीही लिहील."

"बट डॅडा, लॉर्डचा माणूस तिथेच उभा असायचा ना? वुड यू कंप्लेन इन फ्रंट ऑफ हिम?"

"मला शिकवू नकोस!" मी खेकसलो. तिने वही स्वतःकडे ओढली आणि मला स्वतःचीच चीड आली.

कारण आमच्याकडे तपासणीची खबर आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर कॅम्पला जाते. फरश्या धुतल्या जातात, नव्या बादल्या येतात. कॅम्प बॉस मला इथला कडक, दुधाळ करक चहा पाजतो आणि खोलीखोलीतून माझ्यासोबत फिरतो. मी विचारतो, "कोई प्रॉब्लेम?" उत्तर येतं, "सब ठीक है, साब." मी ते खरं मानत आलो, कारण मानणं सोयीचं होतं.

या गुरुवारी निघताना मी वसईला भावाशी फोनवर मराठीत बोलत होतो. ते ऐकून एक सुतार जवळ आला. रत्नागिरीकडचा, स्लॅबच्या फळ्या ठोकणारा. बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून खाली वाकला आणि म्हणाला, "साहेब, पाणी आज सोडलंय. तुमी गेलात की खलास. आमी भायरून आणतो." तेवढ्यात कॅम्प बॉस वळला. मी घाईघाईने "इन्शाल्ला, बघतो" म्हणालो आणि गाडीत बसलो. अशा वेळच्या इन्शाल्लाचा अर्थ 'विसरा आता' असा, हे इथे शाळकरी मुलंही ओळखतात.

आता फॉर्ममध्ये तक्रारीचा रकाना होता, पण त्यात तक्रारदाराचं नाव आणि नंबर सक्तीचा. त्या कॅम्पात मराठी बोलणारा तो एकटाच. मी नाव लिहिलं असतं, तर आठवड्याभरात त्याच्या हातात परतीचं तिकीट पडलं असतं. मूग गिळून बसलो असतो, तर एवढी माणसं पाण्यावाचून राहिली असती.

"तुझ्या त्या साधूचं नाव माहीत आहे का?" मी विचारलं.

"नो. अनॉनिमस. दॅट मेक्स इट वीकर, अनलेस समवन एल्स बॅक्स इट अप."

"मग नाव सांगून त्याने मरायचं का?"

"हू, डॅडा?"

रात्रभर कूस बदलत राहिलो.

रविवारी न कळवता सोनापूरला गेलो. सुट्टीचा दिवस, कपडे धुवायचा. शेजारच्या मशिदीच्या नळापासून कॅम्पच्या फाटकापर्यंत माणसं पिवळे कॅन घेऊन ये-जा करत होती. आत जाऊन एकामागून एक नळ सोडून पाहिले. सगळे कोरडे. सुतार दोन कॅन घेऊन समोरून आला. त्याने मला पाहिलं आणि ओळख न दाखवता बाजूने निघून गेला. मीही हाक मारली नाही. मी घाबरलो होतो, आणि ती भीती त्याच्यासाठी किती नि माझ्यासाठी किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

तक्रारदाराच्या रकान्यात मी माझं नाव, माझा नंबर लिहिला. खाली लिहिलं, 'नळ मी स्वतः उघडून पाहिले.'

सोमवारी दुपारी मॅनेजरने बोलावलं. "किसने बताया तुमको?"

"किसी ने नहीं, सर. मैंने देखा."

त्यांनी त्या कॅम्पची जुनी फाइल मागवली आणि एकेक पान माझ्यापुढे उलटत गेले. अकरा अहवाल. सगळ्यांत पाण्यापुढे लिहिलं होतं, समाधानकारक. "तो ये सब किसने देखा था?" त्यांनी विचारलं.

अकराही पानांवर सही माझीच होती.