फाट्यापर्यंत बरी

आमच्या साडूंइतका सावकाश निरोप घेणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा नसेल. "बरं, निघतो मंग," असं ते म्हणाले की समजावं, अजून तासभर माणूस हलत नाही. उंबऱ्यात उभं राहून एक विषय, अंगणात दुसरा, आणि रस्त्यावर आलं की आभाळाकडे बघत "काय रंग आलाय हो!" म्हणून तिसरा. माझ्या लग्नात वऱ्हाडाची गाडी सुटून बरीच पुढे आल्यावर कळलं, की साडू अजून कुणाच्या तरी अंगणात निरोप घेत उभे आहेत. आयुष्यभर त्यांनी चित्रकला शिकवली. एका ढगापायी वर्गावर जायचं विसरलेले हे एकटेच मास्तर असतील. घड्याळ बांधतात, पण त्यात वेळ बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. बाजारात भाजी तोलून घेत नाहीत, नुसती बघून "पुरंल" म्हणतात, आणि ती कधीही पुरत नाही, असं माझ्या मेहुणीचं म्हणणं आहे.

अशा माणसाच्या गळ्यात मोजमापाचं काम पडलं. झालं असं, की भोकरदनला धान्याचा व्यापार करणाऱ्या एका शेठजींनी गोदामाशेजारची खोली दिली आणि तिथे रविवारचा दवाखाना सुरू झाला. ज्यांचा विमा नाही, सरकारी कार्डातही नाव नाही, त्यांच्यासाठी. संभाजीनगरचे डॉक्टर फी न घेता येतात, औषधं दुकानदार देतात, ऑपरेशनची पाळी आली तर तिकडचं कुणी ना कुणी पदरमोड करून तेही भागवतं. काही महिन्यांनी तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आपण देतो ते ठीक, पण माणूस खरंच बरा होतो का, हे कुणीतरी घरी जाऊन बघायला हवं. देणाऱ्यांनाही सांगावं लागतं." शेठजींनी गल्ल्यावरूनच उत्तर दिलं, "गुर्जी हैत ना! बिलकुल रिकामे हैत."

काय विचारायचं ते बाईंनी साडूंना नीट समजावलं होतं. धाप लागते का, झोप येते का, गोळ्या वेळेवर घेता का. पहिल्याच गावी पोहोचेपर्यंत साडू ते सगळं विसरले. मका वाऱ्यावर हलत होता म्हणे. मग त्यांनी स्वतःचंच एक माप शोधून काढलं. आपल्याकडे पाहुणा निघाला की त्याला पोचवायला जायची रीत आहे, आणि निरोपातलं तर साडूंना सगळं कळतं. तेव्हा रोगी उंबऱ्यातून हात जोडतो की अंगणापर्यंत येतो, पारापर्यंत चालतो की थेट फाट्यावर गाडीत बसवून देतो, यावरून तो किती बरा झाला हे ठरायचं. डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग त्यांनाही ते पटलं. "पाटलांचा म्हातारा पारापर्यंत आला," असं साडू डोळे मिटून सांगत, आणि दवाखान्यात सगळ्यांचे चेहरे उजळत. डॉक्टरांचा वेळ थोडा, गावं फार. त्यामुळे फाट्यापर्यंत आलेल्या माणसाला फेरतपासणीला बोलवायचं नाही असं ठरून गेलं.

साडूंची सगळ्यात लाडकी रोगी म्हणजे पिंपळगाव रेणुकाईच्या गयाबाई. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. पहिल्या खेपेला त्या खाटेवरून उठल्या नव्हत्या. मग उंबरा, मग अंगण, आणि एक दिवस बाई चक्क फाट्यापर्यंत आल्या. त्या संध्याकाळी साडू आमच्याकडे आले ते तरंगतच. "साडूभाऊ, लेकीला सासरी लावावं तसं लावलं हो मला गाडीत," एवढंच म्हणाले. चहावर साय धरली तरी त्यांना भान नव्हतं.

पुढच्या दोन-तीन खेपांनाही गयाबाई फाट्यावर आल्या. एकदा असाच निरोप झाला, बाई परत फिरल्या. साडू दगडावर बसून ढग बघू लागले आणि गाडी समोरून निघून गेली. आता दुसरी गाडी येईपर्यंत गावातच बसू म्हणून ते मागे वळले, तर अर्ध्या वाटेवर बाभळीखाली गयाबाई बसलेल्या. छातीवर हात, ओठ निळसर, श्वास पुरत नाही.

"अगं बाई, एवढी धाप लागती तर आलीस कशाला?"

"असं कसं गुर्जी?" बाई थांबत थांबत बोलल्या. "ज्यांनी जीव वाचवला, त्यांना दारातूनच जा म्हणू का? दर बारीला असंच बसत बसत जाते मी घरी. तुम्हाला दिसू देत न्हाई, एवढंच."

साडूंनी रस्त्यात आडवं होऊन एक जीप थांबवली आणि बाईंना थेट डॉक्टरांपुढे नेलं. औषधं बदलली, काही दिवस ठेवून घेतलं, बाई वाचल्या. पण साडू बरेच दिवस मिटून होते. "मी तब्येत मोजून राह्यलो असं वाटत होतं," ते मला म्हणाले. "त्यांची माया मोजून राह्यलो होतो हो. अन् मायेपायीच मरत होती की ती." मला खूप वाईट वाटलं. फाट्यापर्यंत आलेल्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः जाऊन फेरतपासणीला आणलं. आता ते डॉक्टरीणबाईंनी दिलेलं, बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचं यंत्र घेऊन जातात, आणि कुणाचाही निरोप घेत नाहीत. चहा संपला की "हात धुऊन येतो" म्हणतात आणि परसातून पसार होतात. गावोगावचे लोक रागावलेत. गुर्जींना शिष्टपणा आला म्हणतात.

परवा मी त्यांच्यासोबत पिंपळगावला गेलो होतो. गयाबाईंचं बोट तपासून झालं, चहा झाला, आणि आम्ही चोरासारखे तुरीच्या कडेने निघालो. थोडं पुढे गेलो तोच मागून हाक आली, "गुर्जी! ओ गुर्जी! असं न बोलता जातेत का कुणी? थांबा की!" स्वच्छ, लांब, कुठेही न तुटणारी हाक. साडू थांबले. ऊन उतरलं होतं, तूर फुलली होती. ते डोळे मिटून ती हाक ऐकत राहिले. मी वळणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"मागं पाहू नका साडूभाऊ. पाहिलं तर येईल ती."