आमच्याकडं वायरलेस न्हाय

मी इंदापूरच्या आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवते. त्यामुळे हॅम रेडिओची, म्हणजे हौसेनं बिनतारी बोलणाऱ्यांची, परीक्षा आपण सहज काढू, असं मला वाटलं होतं. हा नाद लावला बारामतीच्या एका सरांनी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, नजर पूर्ण गेलेली. त्यांचा इन्व्हर्टर दुरुस्त करायला म्हणून गेले आणि ते माईक हातात धरून केरळातल्या कुणाशी तरी तिथल्या फणसांबद्दल बोलत होते. मध्ये ना सिम, ना टॉवर. गच्चीवरून ताणलेली एक तार, बस.

मग दर रविवारी आमच्या कळसहून एसटीनं बारामती. सर स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवून मोर्सची सांकेतिक लिपी शिकवायचे. बिनमोर्सचा खालचा परवानाही मिळतो, पण सर ऐकेनात. "घ्यायचा तर वरचाच घे." मला एफ आणि एल काही केल्या वेगळे ऐकू येईनात. घरी ताटावर सराव करायला लागले, तर सासरे ओट्याशी येऊन उभे राहिले.

"सूनबाई, काय टकटक लावलीया? मोबाईल हाय की हातात."

"आबा, परीक्षा आहे."

"मास्तरणीला कसली आलीया परीक्षा?"

परीक्षा मुंबईला. लेखी पेपर उत्तम गेला. मोर्स ऐकताना एक अक्षर चुकलं, त्याचा विचार करत बसले आणि पुढची आठ-दहा निघून गेली. नापास. वर कळलं, दोन्ही भाग एकाच वेळी सुटायला लागतात, म्हणजे पेपरही पुन्हा. ज्या विषयावर मी रोज फळा भरते, त्याच विषयाचा. परतीच्या गाडीत मी कुणाचाही फोन उचलला नाही. ट्रेडच्या पोरींना काय सांगायचं, हाच घोर.

दुसऱ्या खेपेला पास झाले. वाटलं, सुटले. पण परीक्षेचं प्रमाणपत्र वेगळं आणि परवाना वेगळा. परवान्यासाठी ऑनलाइन अर्ज, त्यावर पोलीस पडताळणी. अर्ज दोनदा परत आला. एकदा आधारवर नाव सासरचं आणि दाखल्यावर माहेरचं म्हणून, एकदा फोटोची पार्श्वभूमी पांढरी नाही म्हणून. तिसऱ्यांदा पुढे सरकला. नंतर कित्येक महिने काहीच नाही. मी रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी ते पान उघडायची. 'प्रलंबित' हा शब्द मला पाठ झाला होता.

एके दिवशी पानावर आलं, पडताळणी प्रतिकूल. संध्याकाळी घरी विचारलं, कोणी आलं होतं का?

आबा अगदी शांतपणे म्हणाले, "व्हय, मागं एक हवालदार आलता. म्हणं, तुमच्यात वायरलेस हाय का? मी म्हनलं, आमच्याकडं वायरलेस-बियरलेस काय न्हाय. आमी शेतकरी माणसं."

"आणि मी?"

"सूनबाईनं कायबी अर्ज केलेला न्हाय, आसं ठणकावून सांगितलं. तुला तरास नगं म्हनून."

मी ताटं आपटून घासली. त्यांनी मला वाचवलं होतं, आणि मला रडू येत होतं. दोन दिवसांनी आबाच पटका बांधून उभे राहिले. "चल, मीच सांगतो." ठाण्यात त्यांनी तासभर सांगितलं, आणि हवालदारानं शेवटी आबांचाच जुना प्रश्न विचारला, "पण मॅडम, मोबाईल असताना हे कशाला?" "आवड आहे," मी एवढंच म्हणाले. नवा अर्ज, पुन्हा पहिल्यापासून.

परवाना आला तोवर बारामतीच्या सोसायटीनं रेडिएशनचं कारण काढून सरांची तार उतरवायला लावली होती. माझी पहिली हाक त्यांनाच द्यायची ठरलेली. तेही गेलं.

मी आमच्या पत्र्यावर तार ताणली, तिची केबल रेडिओला जोडली आणि हाक देऊ लागले. शेजारच्या रानातल्या सोलर पंपाचा कंट्रोलर रेडिओत असा खरखरायचा की काही ऐकू येईना. आठवडाभर कुणीही नाही. रविवारी ढग आले, पंप थांबला, आणि सोलापूरच्या एका गृहस्थांनी परवान्यावरचं माझं हाकेचं चिन्ह परत उच्चारलं. तेही एक अक्षर चुकवून.

"तुमचा आवाज फार क्षीण आहे, अर्धाच कळतोय," ते म्हणाले. मी धन्यवाद म्हणेपर्यंत ऊन पडलं, पंप सुरू झाला.

लगेच सरांना मोबाईल लावला. वाटलं, खूश होतील.

"क्षीण? केबलच्या जोडाला नीट सोल्डरचा डाग दिलायस का?"

"दिलाय, सर. मी वायरमन शिकवते."

"उघडून बघ."

रागानंच शिडी लावली. आबांनी खालून ती धरली. जोडाची टेप सोडवली, तर आतली तार नुसती टेकलेली होती, डाग बसलाच नव्हता.