साडूंची घाई आणि शेतातली मोटार

साल दोन हजार तेवीस. माझे साडू तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते, आणि बऱ्हाणपुरात कुठल्या भिंतीआड माणसाला मोकळं होता येतं हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मी दोन यत्ता शिकलेला, सिंधीपुऱ्यात मागावर जन्म काढलेला माणूस. पण सांगतो, लघवीची अशी घाई मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. मयतीला गेले तरी आधी मोरी कुठं ते विचारायचे, मग मयत कोणाची ते. घरची सगळी असीरगढचा किल्ला चढून आली, तोवर हे खालच्या गावात तीन घरांशी घरोबा करून बसलेले. घाईच्या धास्तीनं पाणी पिणं सोडलं, तर घाई आणखीच वाढली.

शेवटी मेहुणीनं त्यांना डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई म्हणाल्या, पाणी थोडं थोडं पण दिवसभर प्या, चहा कमी करा, घाई झाली की पळू नका, जागेवर थांबा, खालचं अंग आवळून मनात आकडे मोजा. आणि घड्याळ लावून जात जा. गोळीही दिली. पण घड्याळाशी साडूंचं जन्माचं वाकडं. नदीपलीकडं जैनाबादला त्यांचं घर आणि केळीची बाग. "मला घड्याळ नाही समजत, लाईट समजते," म्हणाले, आणि लाईट येऊन शेतातली पाण्याची मोटार सुरू झाली की जायचं, असं ठरवून टाकलं. महिन्याभरात अंगाला अशी सवय जडली की कुठलीही मोटार घुरघुरली की साडू उठलेच. पिठाच्या गिरणीपुढून जाणं बंद झालं. आमच्याकडं जेवायला आले आणि शेजारचे विजेचे माग सुरू झाले, की वरणभात टाकून मोरीत. "दाजी, मीठ कमी पडलं का?" माझी बायको मुद्दाम विचारायची.

हसण्यावारी चाललं होतं, तोवर साडूंच्या नातीचं लग्न ठरलं. पोरीचा बाप ती लहान असतानाच गेला, म्हणून कन्यादान साडूंनीच करायचं. ते म्हणाले, "पुतण्या बसेल. मांडवात माझी फजिती झाली तर पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागेल."

पोरगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही नाही तर मी पण नाही बसत. टेन्शन तुमचं, शादी माझी आहे."

मी त्यांना पुन्हा बाईंकडं नेलं. बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, मोटार सोडा, घड्याळच धरा. आणि ज्या आवाजानं घाई होते, त्याच्याजवळच बसून थांबायची सवय करा. मग रोज दुपारी साडू आमच्या ओट्यावर. माग खडखडायला लागले की आम्ही दोघं आवळून बसायचो. मला तसली काही तक्रार नाही. सोबत म्हणून बसायचो. पुढं कन्यादानाची तालीम काढली. मी मिशीवाला नवरदेव, साडू समोर, आणि बायको तांब्यानं हातावर धार धरायची.

"साडूभाऊ, तोंड सरळ ठेवा," मी म्हणायचो.

"तुम्ही नवरदेव आहात, खाली मान घालून बसा," ते दात आवळून म्हणायचे.

पहिल्या दिवशी अर्ध्या तांब्यातच पळाले. लग्न जवळ आलं तसा पुरा तांब्या निभायला लागला. बाईंनी दिलेलं पॅड आधी "मी काय तान्हा आहे का" म्हणून फेकलं होतं, ते लग्नाच्या सकाळी मेहुणीनं पुढं केलं, तेव्हा मुकाट्यानं लावून घेतलं.

ऐन कन्यादानात लाईट गेली आणि मांडवामागं जनरेटर धडधडला. वरून हातावर पाण्याची धार. मीही बसल्या जागी आवळून धरलं. साडूंनी डोळे मिटले, हनुवटी थरथरली, कानशिलं लाल झाली. बायका पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "बिचारे, किती रडताहेत." रडतात कसले, आकडे मोजत होते. पोरगी गाडीत बसेपर्यंत गडी ताठ.

"काही झालं का?" मी कानात विचारलं.

"कोरडा आहे," म्हणाले, एखाद्या राजासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पूल ओलांडून एकटे आमच्याकडं आले. चहा नको म्हणाले. बायकोनं विचारलं, "दाजी, बरं आहे ना?"

"काल सगळं ध्यान खालीच होतं," ते म्हणाले. "पोरगी गळ्यात पडून रडली, आणि मी आपला मोजतच राहिलो. माझं रडायचं राहून गेलं."

मग भिंतीला टेकून, खांद्यावरचा पंचा तोंडाला लावून, त्यांनी निवांत रडून घेतलं.